कोळंबी टोस्ट: पास की नापास?

कारखान्यात माल तपासून नापास करण्यात हयात घालवलेले साहेब निवृत्त झाले आणि थेट स्वयंपाकघरात घुसले. व्हिडिओ तीनदा पाहून त्यांनी चायनीज कोळंबी टोस्ट करायला घेतले. कोळंबी सोलली, एकेकीचा काळा दोरा काढला, आलं आणि पातीचा कांदा घालून वाटली, ब्रेडवर थापली, वरून तीळ दाबले आणि तळायला सोडली. तीन तासांत आठ भांडी खरकटी झाली, तीळ सोफ्यापर्यंत पोचले, एक बोट पोळलं. पण टोस्ट असे खरपूस उतरले की साहेबांनी आपली पाठ आपणच थोपटून घेतली.

बायको टेबलाशी पेपर वाचत बसली होती. साहेबांनी गरमागरम बशी तिच्यापुढे ठेवली आणि निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे अॅप्रन चुरगाळत उभे राहिले. तिने पेपरातून डोकं वर न काढता, अगदी साहेब आजवर जेवत आले तसा, एक तुकडा तोंडात टाकला.

"कसं झालंय?"

"बरंय. मीठ जरा कमी वाटतंय."

साहेबांचा चेहराच पडला. त्यांनी घाईघाईने एक टोस्ट खाऊन पाहिला, मग दुसरा.

"अगं, मीठ तर अगदी बरोबर आहे!"

तिने शांतपणे पान उलटलं.



"अहो, तीस वर्षं माझंही बरोबरच असायचं."