बिघडलेलं काही आहे का?

दुकानाच्या मागच्या खोलीत निधीवाल्या बाई उभ्या होत्या, आणि खोलीत एकही वस्तू बिघडलेली नव्हती.

पंखा फिरत होता. मिक्सर चालत होता. रेडिओ तर असा खणखणीत वाजत होता की मावशींना तो आधी बंद करावा लागला, तेव्हा कुठे बोलता आलं. "कालपर्यंत हे सगळं बंद पडलेलं होतं हो," त्या म्हणाल्या. "मुद्दाम राखून ठेवलं होतं, तुमच्यासाठी."

मावशी म्हणजे या दुरुस्तीच्या दुकानाच्या मालकीण. सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या पोरींना त्या इथे विज्ञान शिकवायच्या. फळा नाही, पुस्तक नाही. बिघडलेलं यंत्र मध्ये ठेवायचं आणि म्हणायचं, शोधा काय झालंय ते. अनुदानाच्या अर्जातही त्यांनी हेच लिहिलं होतं: पोरींना शिकवायचं, आणि शिकून तयार झालेल्यांना स्वतःचं दुकान टाकायला हात द्यायचा. अनुदान मिळालं तर ही खोली राहणार होती. नाही मिळालं तर महिनाअखेरीला ती भाड्याने गोदामवाल्याकडे जाणार आणि वर्गाचा गाशा गुंडाळावा लागणार. ते अनुदान देणाऱ्या निधीकडून बाई आज वर्ग कसा चालतो ते बघायला आल्या होत्या.

"कुणाचे उद्योग हे?" मावशींनी विचारलं.

सगळ्या पोरींनी ठिणगीकडे बघितलं. पहिल्याच दिवशी तिने दुकानाचा फ्यूज उडवला होता, तेव्हापासून तिचं हे नाव. "पाहुणे येणार म्हणून आम्ही सकाळी लवकर आलो," ती म्हणाली. "एवढं बिघडलेलं सामान त्यांच्यासमोर ठेवायचं? बरं दिसतं का ते?"

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. पाहुण्यांसाठी घर आवरावं तसं कार्ट्यांनी विज्ञान आवरून ठेवलं होतं.

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. मनाने वाईट नव्हत्या त्या. "कौतुक आहे पोरींचं," त्या म्हणाल्या. "पण चालू पंखा मी घरीही बघते. हा यांनी केला की तुम्ही, हे मी कमिटीला कसं सांगू? ते मलाच धारेवर धरतील."

"थांबा." मावशींनी फळीवरची इस्त्री काढून ठिणगीच्या हातात दिली. "बिघडव."

"काय?"

"आतली वायर तोड आणि परत जोड. बाईंसमोर."

ठिणगीने इस्त्री खोलली, वायर पकडीत धरली आणि तशीच बसून राहिली. "मावशी, आत्ताच बसवलीय हो," ती म्हणाली. पक्कड शेजारणीकडे गेली. तिथून पुढे गेली. एकीच्याही हातून होईना. शेवटी मावशींनीच ती ओढून घेतली. त्यांनाही जमेना, आणि जमत नाही याचा त्यांना भयंकर राग आला.

बाईंनी घड्याळ बघितलं. "मला अजून एका ठिकाणी जायचंय. असं करू, पुढच्या आठवड्यात येते परत. तेवढं एक काहीतरी बिघडलेलं ठेवा, म्हणजे झालं."

तेवढ्यात पुढच्या दाराने शिवणवाली आत आली. समोरच्या माडीवर तिचं शिवणकाम चालायचं. तिच्या हातात शिलाई मशीनचं पेडल होतं, मागे वायर लोंबत होती. "मावशी, बघा ना. दाबतेय तर मशीन हूं नाही की चूं नाही."

बाईंचा चेहरा खुलला. "अहो, मग हेच ठेवा की. आठवडाभर कुणी हात लावू नका. मी येते, मुली माझ्यासमोर करतील, मी तसं लिहून देते. तुमचं काम झालंच म्हणून समजा."

"आठवडाभर?" शिवणवालीचा चेहरा उतरला. "संध्याकाळी शाळेचे गणवेश द्यायचेत मला. पहिलीच ऑर्डर आहे त्यांची. आज नाही दिले तर परत दारात उभं करायचे नाहीत."

मावशींनी पेडल हातात घेतलं. खोलीभर एकदा नजर फिरवली. पोरींनाही सगळं कळत होतं. ही खोली वाचवायला एवढंसं पेडल आठ दिवस फळीवर ठेवायचं होतं, बस.

"नाही जमायचं, बाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही आमच्या भल्याचंच सांगताय, कळतंय मला. पण हिचं पोट आहे यावर." आणि पेडल त्यांनी पोरींच्या मधोमध ठेवलं. "तोंडं काय बघताय? घ्या."

पोरी तुटून पडल्या. एकीने स्क्रू काढले, दुसरीने मीटर लावला. "पेडल ठीक आहे गं." "मग वायर बघ, रोज वाकते तिथे." "वरून तर चांगली दिसतेय." "सोल आधी, मग बोल." ठिणगीने वायर सोलली. आतली तार तुटलेली निघाली. शिवणवाली ओठ चावत डोकावत होती, मावशीही गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या होत्या. निधीवाल्या बाईंना 'या' म्हणायचंही कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. त्या पर्स खांद्याला लावून केव्हाच दारापर्यंत गेल्या होत्या.

सोल्डरचा धूर वर आला. तार धरणाऱ्या बोटांवर सगळ्यांची डोकी अजूनच खाली वाकली.

मागून आवाज आला, "अगं, जरा सरका की. मला काही दिसत नाहीये."