फळी कोणी सोडली

मालकांनी नवं पुस्तक टेबलावर आपटलं आणि शेवटच्या प्रकरणातली एक ओळ मोठ्याने वाचली. "थोरल्याने फळी सोडली."

ती जुनी कादंबरी सगळ्यांनी शाळेत असतानाच वाचली होती. दोन नावाडी मित्र, फुटलेली नाव आणि एकालाच पेलणारी फळी. थोरल्याला लेकरंबाळं आहेत म्हणून धाकटा फळी सोडतो आणि वाचणारे डोळे पुसतात. या नव्या आवृत्तीत मात्र बुडालेला थोरला पुढच्याच पानावर घरी येऊन जेवायला बसला होता. आता शेवटची पानं नव्याने छापावी लागणार होती.

"ज्याची चूक असेल त्याने आजच घरी जायचं," मालक म्हणाले.

छापखान्यात प्रुफं तपासणारे दोघंच होते. लंबू मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि ढब्बू प्रुफावर बोट फिरवत चुका दुरुस्त करायचा. उभी हयात दोघांनी एकाच टेबलाशी काढली होती. ढब्बूची नजर अधू झाली होती आणि त्याचा मुलगा घरी बसून होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा चूक कुणाची हे उघडच होतं.

लंबूला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो उठला.

"मीच चुकीचं वाचलं," तो म्हणाला. "ह्याने ऐकलं तशी दुरुस्ती केली."

मालकांनी ढब्बूकडे पाहिलं. "खरं का?"

ढब्बूने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"असेल," तो म्हणाला.

दिवसभर त्याच्याशी कुणी बोललं नाही. मित्राचा केसाने गळा कापला, असं बाइंडर त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला.

लंबू संध्याकाळच्या बसने लेकीकडे निघाला. ती कधीची बोलावत होती, पण ढब्बूला वाचून कोण दाखवणार म्हणून त्याचा पाय निघत नव्हता. आता दुसरी वाटच उरली नव्हती.

ढब्बू त्याची पिशवी घेऊन बसपर्यंत आला. लंबूने त्याला बजावलं की खरी गोष्ट कुणाला सांगायची नाही, डोळ्यांचं ऑपरेशन लवकर करून घ्यायचं आणि उगाच जिवाला लावून घ्यायचं नाही. ढब्बूला वाईट वाटत होतं, फार वाईट. त्याने नुसती मान हलवली.

बस वळणाआड गेली. धूर विरेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग बाकावर टेकून त्याने लंबूच्या लेकीला फोन लावला.

"निघाला गं. डॉक्टरांचे कागद पिशवीत वरच ठेवलेत. पोचल्या पोचल्या त्याला दवाखान्यात ने, आता सबब सांगायला त्याला नोकरी उरली नाही." पलीकडून तिने काहीतरी विचारलं. "नाही, त्याला संशयसुद्धा नाही. माझ्या अधू नजरेने घोळ केला असं समजतोय वेडा. अगं, त्याने 'धाकट्याने' असंच वाचलं होतं, आणि प्रुफात छापलंही तेच होतं. त्यावर काट मारून 'थोरल्याने' मीच लिहिलं."