सोसायटीचं कटर

“झालं का, कय्युमभाई?” बाजाराची पिशवी ओट्यावर ठेवत सत्यभामानं विचारलं.

“न्हाई वैनी. सामान यायचं हाय अजून.” कय्युमनं मान काही वर केली नाही.

“बरं,” ती म्हणाली. जरीनानं आतून पाणी आणून दिलं. सत्यभामा अर्धा ग्लास प्याली आणि उरलेलं पिशवीतल्या बाटलीत ओतून घेतलं. त्या दुष्काळाच्या साली उमापुरात उष्टं पाणीसुद्धा कुणी टाकत नव्हतं, त्यामुळं कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

कय्युमच्या अंगणात पाय ठेवायला जागा शोधावी लागे. फवारणीचे पंप, पाण्याची इंजिनं, गवत कापायची मशिनं, सगळी पोट उघडं टाकून पडलेली. हाताला गुण होता त्याच्या. जुनं मशीन आलं की शेवटच्या स्क्रूपर्यंत उकलायचा, गंज घासायचा, मिळत नसलेला भाग स्वतः घडवायचा आणि मग ते मशीन नव्याहून बरं चालायचं. फक्त कधी, ते विचारायचं नाही. “आपल्या अंगणात दाखल करून घेताव, सुट्टी कुणालाच देत न्हाई,” असं जरीना म्हणायची. घाईची माणसं आपली गेवराईला जायची.

सत्यभामानं आणलेलं मशीन झाडं कापायचं, पेट्रोलवर चालणारं. तिच्या वाडीतल्या फळबाग सोसायटीचं. त्याला सगळे कटरच म्हणायचे. ते पाळीनं घरोघर फिरायचं आणि ज्याच्या पाळीत बंद पडेल त्यानंच दुरुस्त करून आणायचं, असा सोसायटीचा रिवाज. आश्रुबाच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या पाळीत ते बंद पडलं. मोसंबीची बाग वाळली होती, आणि कुऱ्हाड चालवणारी सगळी माणसं ऊसतोडीला गेलेली. कटर चाललं तर बाग तुटणार, वीटभट्टीवाल्याचा ट्रक लाकूड नेणार आणि बदल्यात बैलांना कडबा टाकून जाणार. नाहीतर बैल दावणीला उपाशी.

“ट्रक कवरोक येतो तुमच्याकडं?” कय्युमनं विचारलं.

“शिमग्यापस्तोर. शिमगा झाला की तो मालक भट्टी दुसरीकडं नेणार म्हणं.” सत्यभामानं पिशवी उचलली. “न्हाई ना होत तवर?”

तिच्या आवाजातलं आर्जव कय्युमला सोसवेना. “बघतो,” तो पुटपुटला.

ती गेल्यावर जरीना समोर येऊन उभी राहिली.

“ती बाई भांडत न्हाई म्हणून तुमी कावून तिला दर बाजारी रिकामी धाडताव? घरी काय काय ऐकून घेत असंल बिचारी. दुसरी कुणी असती तर तुमच्या ओट्यावर बसून तमाशा केला असता.”

ते कय्युमला लागलं. खरं तर सामान यायचं वगैरे काही नव्हतं. त्याला त्या जुन्या कटरचा गंज काढून रंग द्यायचा होता, मूळच्या रंगाशी जुळवून. रंगासाठी एका घरच्या बैलांना उपाशी ठेवतोय आपण, या विचारानं त्याला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं बाकीची मशिनं बाजूला सारली. टाकी उघडली तर बुडाशी मूठभर माती. गडीमाणसं टोपण उघडं टाकून मशीन रानात ठेवतात, मग असंच व्हायचं, असं बडबडत त्यानं टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, दुसऱ्या एका मशीनची नळी काढून याला बसवली. चेनचा दात न् दात कानशीनं घासला. दुपारी दोरी ओढली तेव्हा कटर असं खणखणीत बोललं की शेजारच्या कोंबड्या कुंपणावरून पळाल्या. जरीना दारात येऊन हसली.

“आता बाजाराची वाट बघत बसू नका,” ती म्हणाली.

मग कय्युमनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. कटर सायकलला बांधलं आणि स्वतः वाडीला निघाला. शिमगा तोंडावर आला होता. सत्यभामाच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते त्याला वाटभर दिसत होतं, आणि त्या उन्हातही त्याला बरं वाटत होतं.

आश्रुबा बांधावरच भेटला. कटर बघून त्यानं कय्युमला मिठीच मारली.

“लई उपकार झाले राव. म्या म्हणलं गेवराईला नेतो, तर बायको ऐकंना. कय्युमभाईसारखं काम कुणाचं न्हाई म्हणली. तिचंच खरं निघालं.”

हे ऐकून कय्युमची छाती फुगली. आश्रुबानं पहिल्याच झटक्याला कटर चालू केलं आणि बांधाकडचं झाड आडवं केलं. मग त्याच्या शेजारचं. वाळकी लाकडं कडाकडा पडत होती, आणि कय्युम आपल्या चेनची धार बघत समाधानानं उभा होता.

तेवढ्यात टँकरवरून भरलेली घागर डोक्यावर घेऊन सत्यभामा आली. आवाज ऐकून ती वाटेतच थबकली. मग घराकडं न वळता तशीच सरळ बागेत गेली. पलीकडच्या ओळीत एका झाडाजवळ तिनं घागर टेकवली आणि पाणी हळूहळू बुडाशी सोडलं. कय्युम मागोमाग गेला. त्या ओळीतल्या सगळ्या झाडांची आळी ओलसर होती आणि खोडांना बारीक हिरवे फुटवे आले होते.

“वैनी, म्हणलं बाजारापर्यंत कशाला थांबा,” तो म्हणाला. “म्या स्वतःच घेऊन आलो.”

सत्यभामानं रिकामी घागर उपडी केली. आश्रुबा कटर घेऊन त्याच ओळीकडं वळला होता.

“ते आपसूक बंद पडलं न्हवतं, कय्युमभाई,” ती म्हणाली. “म्या पाडलतं.”