नावांचा अंक

गावातलं एकमेव प्रसूतिगृह पाडून वाहनतळ बांधायचं नगरपालिकेत घाटत होतं. साप्ताहिक चालवणाऱ्या काकूंच्या तीन अग्रलेखांना कुणी भीक घातली नाही. चौथ्या आठवड्यात त्यांनी प्रसूतिगृहाच्या नोंदवह्यांतून अख्खा अंक नुसत्या नावांनी भरला. तिथे जन्मलेला प्रत्येकजण, आईच्या नावासकट. “यात वाचायचं काय, काकू?” छपाईवाला कुरकुरला. “ज्याचं त्याचं नाव!” नगरपालिकेत ठराव यायचा होता, त्या सभेच्या दिवशी सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात अंक, आपल्या नावाखाली रेघ. नगराध्यक्षांनी ठराव वाचायला घेतला, तोच पहिल्या रांगेतून त्यांची आई उठली. “बाळा, तिसरं पान बघ. तूही तिथलाच.” पान पाहून ते ओशाळले. सगळ्यांदेखत त्यांनी ठराव मागे घेतला. टाळ्या थांबेनात. दिवस भरत आलेली एक बाई ओरडली, “काकू, माझ्या बाळासाठी एक ओळ ठेवा!” “अख्खं पहिलं पान देते!” काकू गरजल्या.