आडवा हात

दरीत सापडलेल्या बाईचा सांगाडा मी तपासत होते. रोज संध्याकाळी तिच्या डाव्या हाताची हाडं टेबलावर सरळ मांडून खोलीला कुलूप लावायचे. रोज सकाळी तो हात कवटीसमोर आडवा असायचा. किल्ली माझ्याकडेच होती. आज मी कंटाळून तो तसाच राहू दिला.

दुपारी तिची आई आणि नवरा आले.

"पाय घसरून पडली हो," नवरा म्हणाला.

"पडणारा माणूस हात टेकतो, मनगट मोडतं," मी म्हणाले. "हिचा हात मधोमध मोडलाय. वार अडवताना मोडतो तसा."

आई ताठ उभी राहिली. "म्हणजे माझी पोर लढली."

"शेवटपर्यंत."

टेबलावर खडखड झाली. आडवा हात आपणहून खाली आला होता, सरळ, निवांत.

नवऱ्याने मात्र स्वतःचा डावा हात तोंडासमोर आडवा धरला होता, आणि काही केल्या तो त्याला खाली घेता येत नव्हता.