लाह्यांची परीक्षा

पातेल्यात मक्याचे दाणे टाकले, झाकण घातलं, आणि कानसेन शेगडीकडे पाठ करून उभा राहिला. डोळे घट्ट मिटले, हात खिशात घातले. उगाच लबाडी नको. झाकण थडथडलं की बोटांना कळतं, आणि आज बोटांना विचारायचंच नव्हतं.

कानसेन हे नाव बसच्या वर्कशॉपातल्या लोकांनी ठेवलेलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की हा सांगणार, "बेअरिंग गेलंय." उघडून बघावं तर गेलेलंच! तीस वर्षं घर चाललं ते या कानांवर.

गेल्या आठवड्यात मात्र नव्या मेकॅनिक बाईला इंजिनातली बारीक शिट्टी ऐकू आली आणि याला नाही. बाई भिडेनं गप्प बसली. साहेबही काही बोलले नाहीत. ते न बोलणंच याच्या जिव्हारी लागलं.

उद्या सकाळी घाटातून जाणारी बस त्याच्यापुढे उभी राहणार होती. यानं मान हलवली की चाळीस माणसं घेऊन सुटणार. म्हणून हा खटाटोप. लाह्या ऐकू आल्या तर उद्या मूठ कानाला लावायची. नाही आल्या तर स्क्रूड्रायव्हर साहेबांच्या टेबलावर ठेवून सरळ घरी यायचं. डॉक्टरकडे जायची छाती नव्हती. आणि माणसांवर भरवसा तरी काय ठेवायचा? हल्ली घरी बायको प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची, वर म्हणायची, "मेली मलाच सवय लागलीय." लाह्यांना कसली आलीय भीड! फुटल्या तर फुटल्या.

त्याचा नियम ठरलेला होता. तडतड विरळ झाली, दोन लाह्यांच्या मध्ये तीन आकडे मोजून झाले, की गॅस बंद. आजवर एक लाही करपली नव्हती.

एक मिनिट गेलं. काही नाही. दुसरं गेलं, तिसरं गेलं. संपलं म्हणायचं सगळं. कान गेला तर आपल्याकडे राहिलं काय? बायकोच्या पायात पायात करत दिवसभर घरी बसायचं? मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. पुसायलाही हात खिशातून निघेना.

आणि तट्!

त्यानं श्वास रोखला. तट्. तट् तट्. मग एकदम तडतड तडतड, नुसता धुमाकूळ! झाकणावर आपटणारी लाही वेगळी, कडेला लागणारी वेगळी, सगळं कसं स्वच्छ. तो मिटल्या डोळ्यांनी हसायला लागला. हळूहळू तडतड विरळ झाली. एक, दोन, तीन. हात मागे नेऊन त्यानं गॅसचं बटण फिरवलं.

"अगं ए, ऐकलंस ना?" तो ओरडला. "उगाच हाय खाल्ली होती गं मी! शाबूत आहे कान!"

वळून त्यानं झाकण उचललं. तेलात मक्याचे दाणे पडले होते. पिवळे, टणक, टाकले तसेच. एकही फुटला नव्हता.

बायको दारात उभी होती. तिचेही डोळे भरलेले.

"मग इतका वेळ फुटत होतं ते काय?" त्यानं विचारलं.

"काहीच नव्हतं हो फुटत," ती जवळ येऊन, त्याच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली. "तुम्ही पाठ फिरवलीत आणि सिलिंडर संपला. तीन हाका मारल्या मी तुम्हाला."