भिमाबाईची साक्ष

“इथं आमची घरं हायेत, साहेब!” अश्वजितनं भिंतीवरच्या नकाशावर बोट टेकवलं. नकाशात तिथं एकही घर नव्हतं. शहर आणि भोवतालची गावं मिळून जी नवी योजना झाली होती, तिच्यात त्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरान जमिनीवर शहराचा कचरा डेपो दाखवला होता. डेपो आला की वस्ती उठणार. आज हरकतींची शेवटची सुनावणी होती.

साहेब भला माणूस होता. तेच तर वाईट. खडूस असता तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आमच्या पाहणीत तिथे नुसते गोठे आढळलेत. तिथल्या एखाद्या जुन्या माणसानं सांगितलं की लोक राहतात, तर मी डेपोचं आरक्षण उठवायची शिफारस करतो. आजच.”

अश्वजितच्या जिवात जीव आला. जुनं माणूस त्यानं सोबतच आणलं होतं. त्याची माय, भिमाबाई. लग्न होऊन ती त्या वस्तीवर आली, तिथल्याच टिनाखाली बाळंत झाली, तिथंच विधवा झाली. काय सांगायचं ते त्यानं वस्तीवरून निघाल्यापासून गाडीवर तिला समजावत आणलं होतं. ती सारखी “हाव, हाव” म्हणत होती.

“आजी, तिथे कोण राहतं?” साहेबानं अदबीनं विचारलं.

भिमाबाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला. साहेबाकडं पाहिलं, शेजारी पेन उघडून बसलेल्या कारकुनाकडं पाहिलं. मग हात जोडले.

“कोनीच नाही, साहेब. ढोरं बांधतो आमी तिथं. मानसं सारी गावात राह्यतात.”

अश्वजितच्या तोंडचं पाणी पळालं. “माय, काय बोलून राह्यली तू!” तो ओरडला. साहेबानं हात वर करून त्याला थांबवलं. लेकाच्या आरडाओरड्यापेक्षा म्हातारीचं शांत बोलणं त्याला खरं वाटलं, आणि त्याचं तरी काय चुकलं? “पुढची हरकत,” तो म्हणाला.

भिमाबाई खाली बसली. लेकाचा हात तिनं आपल्या हातात घेतला आणि त्याच्या कानाशी लागली.

“भेऊ नको, बाप्पा. मागं ते अतिक्रमणवाले घरं पाडाले आले होते ना, तवाबी मी हेच सांगतलं. मुकाट्यानं वापस गेले.”